मुकी पुस्तकं आणि बिराजदार अण्णा

बिराजदार अण्णा वाचायला बसले की आमच्या ग्रंथालयाचं बसस्थानक होतं. "प्रकरण तिसरं, पान एकशे बारावर लागलेलं आहे. तळटीप क्रमांक चार पानाच्या तळाशी उभी आहे." लातूरच्या स्टँडवर तीस वर्षं त्यांनी भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. नोकरी संपली, पण गळा काही निवृत्त व्हायला तयार नाही.

मी या कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून. कुणी मोठ्यानं खोकललं तरी डोळे वटारते. अण्णांना मागच्या खोलीत बसवलं, तरी आवाज पुढच्या टेबलापर्यंत येतोच. पण त्यांना गप्प करायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांचं कामच तसं आहे.

त्यांची थोरली बहीण, शांताअक्का, उमरीला असते. शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, निजामाच्या काळातल्या मुलींच्या शाळा. प्रबंध निम्मा झाला आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. अण्णांनी विडा उचलला, अक्काचा प्रबंध पुरा करायचाच.

मग सुरू झालं इंटरनेट धुंडाळणं. माझ्या संगणकावर, माझ्या जेवणाच्या सुट्टीत! जुनं पुस्तक सापडलं की पहिला प्रश्न, "ताई, हे बोलतंय का?" म्हणजे फोन ते वाचून दाखवतो का. टाइप केलेलं असलं तर वाचतो, नुसते पानांचे फोटो असले तर ढिम्म. अण्णांच्या वहीत तीन रकाने होते: बोलकी, मुकी आणि बोबडी. बोबडी म्हणजे यंत्रानं अक्षरं ओळखायला जाऊन पार वाट लावलेली. अक्काला लागणारे शाळांचे अहवाल झाडून सगळे मुक्यात.

"हाव, मग आपणच बोलू की," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी ते अहवाल वाचून फोनवर रेकॉर्ड करतात आणि उमरीला पाठवतात. संशोधनात पान नंबर लागतो, असं अक्का एकदा बोलून गेली. अण्णांनी त्याचा कळस केला. "पान एकोणचाळीस. उजवीकडं गोल शिक्का, निम्मा पुसलाय. खालच्या चार ओळी वाळवीनं खाल्ल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत."

"अण्णा, वाळवी कशाला सांगता?"

"गाडी रद्द झाली तर सांगावं लागतं, ताई. माणूस ताटकळत बसतो."

परवा मला इंटरनेटवर एक नवीन सोय सापडली. मुक्या पानांतून चांगलं टाइप केलेलं पुस्तक काढून देते. तीन अहवाल घातले, अर्ध्या तासात तिन्ही घडाघडा बोलायला लागले. म्हटलं, वर्षाचं काम पंधरा दिवसांत होतंय. आनंदाच्या भरात आधी अक्कालाच फोन लावला.

अण्णा जवळ नाहीत ना, एवढं अक्कानं आधी विचारून घेतलं.

"पोरी, ते माझ्या फोनमधी वर्षापासून हाय," ती म्हणाली. "प्रबंध कवाच सांगून लिहून घेतला. बांधून कपाटात ठेवलाय."

"मग विद्यापीठात दिला का नाही?"

"दिला की त्याचं वाचणं बंद होईल. सुमन गेली, त्याची बायको, तवापासून सहा महिने तो कुणाशी बोलला न्हाई. फोन केला की हं म्हणायचा आन ठेवायचा. वाचायला लागला तसा मधी मधी बोलाया लागला. पान संपलं की सांगतोय, आज मेथी केली, लई खारट झाली, सुमन असती तर हसली असती. तेवढं ऐकायला मी रोज बसून राहते बघ."

"अक्का, पण मुदत?"

"एकदा वाढवून घेतली. अजून एकदा घेईन. तू त्याला सांगू नको."

मी फोन ठेवला आणि त्या तिन्ही फायली पुसून टाकल्या.

तीनच्या सुमाराला अण्णा आले. मागच्या खोलीतला पंखा खडखडतो, रेकॉर्डिंगमध्ये येतो, म्हणून भर एप्रिलात मी तो बंद केला. गार पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला, मी समोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "अण्णा, आज भाजी कुठली केली होती?"

अण्णांनी चष्मा काढला, फोन बाजूला सारला आणि वांगी कशी निवडून आणली तिथपासून सांगायला सुरुवात केली.