दंडाची बिस्किटं

सामोआच्या सरकारने एकदा ठरवलं की यापुढे कोणाही नागरिकाचं हृदय कारखान्यात बनलेल्या चरबीने बंद पडता कामा नये. ते बंद पडायला म्हातारपण, सासुरवाडी आणि जमिनीचे तंटे अशी इतर कारणं पुरेशी उपलब्ध आहेत. या चरबीला ट्रान्स फॅट म्हणतात. चांगलं वाहतं तेल यंत्रात घालून गोठवलं की ते पांढरं, स्वस्त आणि टिकाऊ होतं, आणि पुढे रक्तवाहिनीतही तितक्याच निष्ठेने टिकून राहतं. तिच्यावर बंदी घालणारा नियम आमच्या खात्याने केला. मी त्या खात्यात सहायक पोषण अधिकारी आहे. माझ्याकडे बघून कोणाला तसं वाटत नाही. मी पँट सोडून लाव्हालाव्हा, म्हणजे आमची पारंपरिक लुंगी, गुंडाळायला लागलो तेव्हा साहेबांनी माझ्या संस्कृतिप्रेमाचं कौतुक केलं. खरं म्हणजे बटण लागत नव्हतं.

नियम आधी एका आदर्श गावात राबवून दाखवायचा होता. मी माझं आजोळ सुचवलं, फालेतोला. तिथले गावप्रमुख, ज्यांना पिढीजात पदाच्या नावाने तोआलिमा म्हणतात, ते माझे सख्खे मामा, आणि त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. पुढचा सांगून येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडील गेल्यावर मला याच माणसाने वाढवलं. मला ते अजून बरीच वर्षं हवे होते, त्यांच्या शिव्यांसकट. पण सरकारी खर्चाने मामा वाचवायची तरतूद नसल्यामुळे प्रस्तावात मी 'किनारी भागाचे प्रातिनिधिक स्वरूप' असं कारण दाखवलं.

गावसभेत मी तासभर बोललो. हृदयाचं चित्र दाखवलं. सगळ्यांनी ते आदराने पाहिलं आणि पुढच्याकडे सरकवलं.

"पेनिआता, भाषण छान झालं," मामा म्हणाले. "पण सरकारचा कायदा राजधानीत चालतो. इथे दंड बसल्याशिवाय कोणाला काही कळत नाही."

"मग दंड लावा, मामा."

"लावतो की. ज्याच्या चुलीवर ही पांढरी चरबी सापडेल त्याला दंड."

सभा एकमताने हो म्हणाली. मला भरून आलं. 'लोकसहभाग' या शब्दासाठी आमच्या खात्यात लोक केस पिकेपर्यंत वाट बघतात. मला तो एका सकाळीत मिळाला.

तपासणीचं काम महिला समितीकडे गेलं. ही समिती पूर्वीपासून घरोघर फिरून चटया, मच्छरदाण्या आणि संडास तपासते, आणि तिच्यापुढे भले भले गावप्रमुख उभे राहून उत्तरं देतात. समितीची अध्यक्ष माझी मामी, सुलिएती. तिच्या गळ्यात शिट्टी असते. पहिल्याच फेरीत शाळेजवळ पानिकेके तळणाऱ्या बाईच्या कढईत पांढरी चरबी सापडली. पानिकेके म्हणजे गोड पिठाचे तळलेले गोळे. मी त्यांवरच मोठा झालो, आडवा तर विशेष. मामीने शिट्टी फुंकली, बाईने कढई ओतली आणि संध्याकाळी दंड भरला.

आता आमच्याकडे गावाचा दंड पैशात भरत नाहीत. डुक्कर द्यायचं, डबाबंद मांस द्यायचं, नाहीतर बिस्किटांचे खोके. डुक्कर परवडत नाही, त्यामुळे खोके आले. सभेने ते रीतीप्रमाणे तिथल्या तिथे मानानुसार वाटले. सर्वांत मोठा वाटा मामांचा, मग इतर प्रमुखांचा, आणि सरकारचा पाहुणा म्हणून एक खोका माझ्यापुढे आला. मी त्याच्या मागचं वाचलं. मग मामांच्या कानाला लागलो.

"मामा, या बिस्किटांत तीच चरबी आहे. भरपूर."

"तुझा नियम चुलीवरच्या भांड्याबद्दल आहे ना?"

"सध्या तसाच राबवतोय, पण…"

"मग? हे चुलीवरचं नाही. हा दंड आहे. दंड खाणं म्हणजे खाणं नव्हे रे, तो न्याय असतो."

"निदान तुम्ही तरी नको म्हणा. डॉक्टर काय म्हणाले होते?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भर सभेत नाचायला सांगितलंय. "माझा वाटा मी परत केला तर तो तोआलिमा या नावाचा अपमान होतो. माझ्या आजाने घेतला, त्याच्या आजाने घेतला. तुझा डॉक्टर परवा आला. खा गुपचूप, लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. मी खाल्लं. शासनाच्या वतीने खाल्लं असल्यामुळे त्याची नोंद वैयक्तिक आहारात होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. बिस्किटं खुसखुशीत होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

वाण्याकडे बिस्किटं कशी, हा प्रश्न मी राजधानीत विचारला. बंदीपूर्वीचा जुना साठा संपेपर्यंत विकायला परवानगी आहे, असं उत्तर आलं. दंड वाढले तशी खोक्यांची मागणी वाढली, आणि जुना साठा दर आठवड्याला बोटीने नव्याने येऊ लागला. घरं दंड भरायला खोके आणत, सभा ते खाई. पूर्वी जी चरबी गावभर पातळ पसरलेली होती ती आता शिस्तीने वरच्या थरात जमू लागली.

मग कढया स्वच्छ झाल्या. सगळीकडे खोबरेल आलं, दंड थांबले, आणि सभेत मरगळ आली. बिस्किटांवाचून लोक तंटेही मन लावून ऐकेनात. मामांनी मामीला विचारलं, "तुझ्या शिट्टीला काय झालंय?" मामी म्हणाली, "गावात एकच डबा उरलाय चरबीचा. पाद्रीबाबांच्या घरी." पाद्रीबाबांना दंड करता येत नाही. पण पाद्रीबाबांना चरबीचा डबा भेट दिला कोणी? गावाने. तेव्हा सभेने, सखोल चर्चेअंती, संपूर्ण गावाला दंड केला. त्या दिवशी आलेले खोके ठेवायला जागा पुरेना.

मी अहवाल पाठवला: तपासलेल्या एकाही चुलीवर चरबी नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. फालेतोला देशातलं पहिलं ट्रान्स फॅटमुक्त गाव ठरलं, मला बढती मिळाली आणि समारंभाला खात्याने राजधानीहून केक मागवला. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. मोठ्या पदावरचा माणूस बारकाव्यात शिरत नाही.

समारंभानंतर थोड्याच दिवसांत मामांना दुसरा झटका आला. इस्पितळात डॉक्टरांनी मामीला खोदून खोदून विचारलं.

"घरात ती चरबी वापरता?"

"आमच्या घरात?" मामी ताठ झाली. "चमचाभर सापडली तर माझं नाव बदला. गावातली प्रत्येक कढई मी स्वतः हुंगते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोषण अधिकारी. मी होकारार्थी मान हलवली, कारण ती खरं बोलत होती. पहाटे मामा गेले. मी इस्पितळाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. मला त्यांना वाचवायचं होतं हो. सगळा नियम मी त्यांच्यासाठी तर गावात नेला होता.

अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला मानानुसार खोके दिले गेले. नंतर सभा बसली. गाव खरोखर दुःखात होतं, आणि दुःखात माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. तोआलिमांसारखा मोठा माणूस हृदयविकाराने जातो म्हणजे आपण नियमात कुठेतरी ढिले पडलो, असं सर्वांचं मत पडलं. म्हणून त्यांच्या स्मरणार्थ दंड दुप्पट करण्यात आला. दुसरा ठराव असा की तोआलिमा हे पद सरकारात वजन असलेल्या भाच्याकडे जावं.

तेव्हापासून मोठा वाटा माझ्यापुढे येतो. आठवड्यातून एकदा मी माझ्या छातीवर हात ठेवून बसतो, खोका उघडतो आणि न्याय करतो.

मी नाही म्हणायला हवं, असं तुम्हाला वाटतंय ना? बरोबर आहे तुमचं. या एकदा फालेतोलाला. मामी स्वतःच्या हाताने तुमच्यापुढे पाहुण्याचा वाटा ठेवेल, सगळं गाव तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. नाही म्हणून दाखवा.