शून्याला सोन्ने म्हणणारे भावोजी

मार्चमधला दुसरा रविवार. काम: भावोजींच्या पांढऱ्या पँटची कंबर आत घेणे.

पँट माझ्या सासऱ्यांनी शिवलेली. कापड अजून शाबूत आहे, आतला माणूस उणा झाला. मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरत होते आणि ते हात वर करून उभे होते. फाटकाशी माझा नवरा भाजीवाल्याशी हुज्जत घालत होता, भेंडी जून आहे म्हणून. भाजीवाल्याने एक भेंडी उचलून टोक मोडून दाखवलं. कट्कन मोडलं.

"पंधरा-सोन्ने," भावोजी म्हणाले. "भाजीवाला."

सोन्ने म्हणजे कन्नडमध्ये शून्य. टेनिसमध्ये शून्याला लव्ह म्हणतात, हे टेनिस न खेळणाऱ्यांनाही ठाऊक असतं. भावोजी आयुष्यभर टेनिस खेळले, टेनिसवर जेवले, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. क्लबातल्या मुलांनाही त्यांनी असंच शिकवलं. त्यांतली काही पुढे मद्रासला खेळायला गेली, तेव्हा तिथल्या पंचाला खुर्चीवरून खाली वाकून विचारावं लागलं, काय म्हणालास म्हणून. मी एकदा कारण विचारलं होतं.

"शून्य आहे तर शून्य म्हणावं की, निर्मला. त्याला लाडाचं नाव कशाला?"

वासुदेव भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. सासरे शिंपी; क्लबातल्या मेंबरांचे पांढरे कपडे तेच शिवायचे. ते पोचवता पोचवता भावोजी खेळायला लागले, पुढे क्लबाचे पगारी खेळाडू झाले. मेंबरांना खेळवायचं, पोरांना शिकवायचं आणि हंगामात गावोगावी बक्षिसाच्या स्पर्धा खेळायच्या. बक्षिसात कधी पैसे असत, कधी टेबलपंखा. आमच्याकडे चार टेबलपंखे आहेत आणि एकही चालत नाही.

मी मिरजेहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा या घराचं मला मोजमापच लागेना. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात जरा आवाज चढवून बोलू लागलो की हॉलमधून गुण यायचे: "तीस-पंधरा." तीस कोणाचे, हे ते कधी सांगत नसत. त्यामुळे आपणच पुढे आहोत असं समजून आम्ही दोघीही गप्प व्हायचो. या घरात शांतता राहिली ती अशी.

दाराची बेल वाजली की भावोजी जागच्या जागी छोटीशी उडी मारतात. समोरचा चेंडू मारायच्या बेतात असला की तशी मारायची असते म्हणे. आता गुडघ्यांमुळे नुसत्या टाचा उचलल्या जातात. कॉफीचा पेला पुढे केला तरी टाचा वर. पाहुण्यांना वाटतं, यांना बाथरूमला जायचं आहे आणि ते घाईघाईने रस्ता देतात.

त्यांच्या रॅकेटांवर मी सांडगे वाळवते. मागच्या अंगणात कपड्यांची दोरी आहे ती रॅकेटच्या तारांची. माझ्या माहेरी तारा सतारीला लावतात, इथे त्यांवर नवऱ्याचे बनियन वाळतात. दर पावसाळ्यात मी म्हणते, साधी दोरी आणा. भावोजी म्हणतात, "होगली बिडु. पुढचा पॉइंट."

होगली बिडु म्हणजे जाऊ दे. गॅस संपला, पुढचा पॉइंट. मेटगळ्ळीच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याची बढती हुकली, पुढचा पॉइंट. सासूबाईंना स्मशानात पोचवून आल्यावर हात-पाय धुताना त्यांनी नवऱ्याला तेच सांगितलं, तेव्हा नवरा महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. भावोजींच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांना वाटलं, धाकट्या चंदूचा घसा बसलाय.

असा माणूस. चाळीस माणसांत बसला तरी एकटा आणि एकटा बसला तरी मॅच चालू. मला त्यांचा कंटाळा येतो हे मी लपवत नाही. घरात दोन पुरुष, एक बोलत नाही आणि एक गुण सांगतो.

पँटचं कारण संध्याकाळचा समारंभ. क्लबाने नवं कोर्ट बांधलं होतं आणि जुन्या तीन पगारी खेळाडूंचा सत्कार होता. एक भावोजी. दुसरे सदानंद, हुबळीचे, ते मागच्या वर्षी वारले. तिसऱ्या शैलाताई, मूळच्या सांगलीच्या, सदानंदांच्या पत्नी.

घरात जुनी कुजबुज होती, ती सासूबाईंकडून मला कळलेली. मुलींना शिकवायला म्हणून क्लबाने शैलाताईंना आणलं आणि भावोजींची निम्मी शिकवणी त्यांच्याकडे गेली. भावोजी चिडले, मग त्यांच्याशी रोज खेळू लागले, मग हरू लागले, मग चिडेनासे झाले. स्पर्धांमध्ये शेवटचा सामना नेहमी भावोजी आणि सदानंद यांचाच. मिश्र दुहेरीत शैलाताई कधी याच्या जोडीला, कधी त्याच्या. आणि एका हंगामात अचानक भावोजी रॅकेटांना खोळी घालून पिरियापट्टणला आत्याकडे निघून गेले. तंबाखूचा मोसम होता. परत आले तेव्हा अंगाला तंबाखूचा वास आणि शैलाताईंचं सदानंदांशी ठरलेलं. त्यानंतर ते शैलाताईंशी सरळ बोललेच नाहीत.

"तिने नको म्हटलं असणार," सासूबाई म्हणायच्या. "याला नको म्हणायला काय कारण लागतं?"

समारंभाला मी गेले ते पँट सैल पडते का बघायला. व्यासपीठावर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी हौसेने सदानंदांचा मोठा फ्रेम केलेला फोटो मधल्या खुर्चीवर ठेवला होता. त्याच्या एका बाजूला शैलाताई, दुसऱ्या बाजूला भावोजी.

"वासुदेव, बरा आहेस ना?" शैलाताईंनी फोटोवरून वाकून विचारलं.

"कोर्ट चांगलं झालंय," भावोजी समोर बघत म्हणाले.

"गुडघे?"

"लायटी पण लावल्यात."

मग फोटोच्या काचेवर ऊन आलं तसं भावोजींनी फोटोची खुर्ची हलकेच फिरवून घेतली. "सदा, डोळ्यावर येतंय, अल्वा?" ते फोटोला म्हणाले. अल्वा म्हणजे 'नाही का'. चाळीस वर्षांत शैलाताईंना मिळाला नव्हता तेवढा जिव्हाळा त्या फोटोला मिळाला. शाल घेऊन सेक्रेटरी पुढे आले, भावोजींच्या टाचा उचलल्या गेल्या. डोक्यावर म्हैसूर पेटा चढवला तो भुवयांपर्यंत उतरला. पँट मात्र जागेवर राहिली.

समारंभ संपल्यावर मीच शैलाताईंना कॉफीला घरी आणलं. त्या उतरल्या होत्या कुवेंपुनगरातच, आमच्या मागच्या रस्त्याला एका मैत्रिणीकडे. भावोजी तडक मागच्या अंगणात गेले आणि दोरीवरचे कपडे काढू लागले. आयुष्यात प्रथमच.

शैलाताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. उंच, सडपातळ बाई, उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा रुंद.

"निर्मलाबाई, मी उद्या सकाळच्या बसने जाणार. पुढच्या आठवड्यात मुलीकडे नागपूरला, कायमची. पुन्हा इकडे येणं काही होत नाही. तेव्हा एक विचारू?"

"विचारा."

"माझं काय चुकलं होतं?"

मी कॉफी गाळत होते. गाळून झाल्यावरच बोलायचं असं ठरवलं.

"त्या दिवशी आम्ही खेळून थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "मी मागे चेंडू गोळा करत होते, तो जाळीपाशी. शेजारच्या कोर्टावर रोलर फिरवत होते. तो म्हणाला, 'शैला, यापुढे सगळ्या मॅची माझ्याच जोडीला खेळशील काय?' लग्नाचं विचारायची ही रीत! मला इतकं हसू आलं. आणि इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, 'वेडा!' झालं. त्याने रॅकेटा उचलल्या आणि गेला. मला वाटलं, मी हसले म्हणून अपमान वाटला. मी एक अख्खा हंगाम वाट पाहिली. मग सदाने नीट विचारलं, घरी येऊन, आईबाबांसमोर."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"सदा चांगला होता हो. माझं सगळं चांगलं झालं. पण तो गेल्यापासून रोज तेच डोक्यात येतं, की एका चांगल्या माणसाला मी हसून एकटं पाडलं. आता विचारायला वासुदेवच उरलाय आणि तो माझ्याशी लायटींबद्दल बोलतो. तुम्ही विचाराल त्याला?"

त्या गेल्या आणि मी पेले विसळता विसळता थांबले. मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, या घरातली मराठी निम्मी कन्नडच आहे. आमच्याकडे वेड्याला वेडा म्हणत नाहीत, हुच्चा म्हणतात. आणि 'बेडा' हा शब्द तर दिवसाला शंभरदा कानावर येतो. बेडा म्हणजे नको. आणखी पोळी? बेडा. छत्री? बेडा. रोलरच्या घरघरीत, कोर्टाच्या त्या टोकावरून, हसत म्हटलेला 'वेडा' या माणसाला काय ऐकू गेला असेल?

मी पदराला हात पुसत अंगणात गेले. भावोजी बनियनच्या घड्या घालत होते, वाईट घड्या.

"भावोजी, शैलाताई तुम्हाला 'नको' म्हणाल्या नव्हत्या. 'वेडा' म्हणाल्या होत्या."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे? कधीपासून?"

"तू लग्न करून आलीस तेव्हापासून."

मग त्यांनी सांगितलं आणि मलाही आठवलं. पहिलाच महिना. नवऱ्याने मला खूश करायला कॉफी केली आणि साखरेऐवजी मीठ घातलं. मी हसून म्हटलं, "वेडा!" भावोजी दारात उभे होते. म्हणाले, "त्याला नको म्हणालीस?" मी म्हटलं, "नाही हो, वेडा म्हणाले." "म्हणजे हुच्चा?" "हो, पण हसून म्हटलं की त्यात राग नसतो." ते कॉफी न घेताच क्लबात गेले. नव्या सुनेचं तोंड फार चालतं म्हणून रागावले असतील, असं तेव्हा मला वाटलं होतं.

"मी ऐकलो ते बेडा," भावोजी म्हणाले. इथली जुनी माणसं असंच बोलतात, मी ऐकलो, मी केलो. "तू सांगितलीस तेव्हा तिची पोरगी चालायला लागली होती. सदा कडेवर घेऊन यायचा मॅचीला. मग काय सांगू जाऊन?"

"म्हणून बोलायचंच बंद?"

"बोललो असतो तर तोंडातून निघालं असतं. तू पण सांगू नको, निर्मला. ती सदाबरोबर चांगली होती. आता हे कळलं तर बसेल सगळं उसवत, कुठला टाका चुकला म्हणून. शिवून झालेलं आहे. राहू दे."

शिंप्याचं घर. दुःखसुद्धा सुईदोऱ्यातच मांडतात. मला राग आला. दिवसभर पँट, समारंभ, कॉफी, आणि वर हा मोठेपणा.

"ती उसवतच बसलीय, भावोजी," मी म्हटलं. "नवरा गेल्यापासून. तिला वाटतं, चूक तिची होती. आपण हसलो म्हणून तुम्ही एकटे राहिलात, असं धरून ती नागपूरला जाणार. मी काही सांगणार नाही. पण सकाळी ती नाश्त्याला येणार आहे, मी बोलावलंय."

खरं तर मी बोलावलं नव्हतं. आत जाऊन फोन केला तेव्हा बोलावलं.

भावोजींनी एक बनियन उलगडला, पुन्हा घडी घातली. ती पहिल्याहून वाईट झाली.

सोमवारी सकाळी मी इडल्या लावल्या. शैलाताई बॅग घेऊनच आल्या. नवरा कारखान्यात गेला होता. भावोजी टेबलाशी बसले होते, दाढी केलेली, कालचीच पांढरी पँट घातलेली, ती नाश्त्याला कोणी घालत नाही. मी मिक्सरमध्ये खोबरं, मिरच्या, चिंच घातली आणि बटण दाबलं. दारातून मला ते दोघं दिसत होते. शैलाताई ताटाकडे बघत होत्या. भावोजींचे ओठ हलू लागले. ते त्यांच्याकडे बघून बोलत होते.

मी मिक्सर बंद केला.

"... तुझं काही चुकलं नव्हतं," ते म्हणत होते. "मलाच नीट ऐकू आलं नव्हतं त्या दिवशी. रोलर चालला होता."

"काय ऐकलंस तू?"

भावोजींनी ते काही सांगितलं नाही. शैलाताईही इतकी वर्षं म्हैसूर-बेंगळुरूकडे राहिलेल्या, कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांचा हात ताटाच्या काठावर थांबला. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना, मग झाली आणि गेली.

"वेडा," त्या म्हणाल्या. अगदी हळू. मग जरा मोठ्याने, हसत, डोळे पुसत, "वेडा रे तू!"

"हं," भावोजी म्हणाले. "आलं ऐकू."

चटणी भरडच राहिली होती. मी तशीच भांड्यात काढली, फोडणी दिली आणि दोघांना वाढली.