शंखाची जागा

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या गल्लीत बोरसे आबा रोज सकाळी बगलेत कागदाच्या लगद्याचा एक शंख घेऊन अंगणात यायचे आणि तो आपल्या मोटारीत कुठे बसतो ते बघायचे. बॉनेट उघडायचं, शंख इंजिनाच्या उजवीकडे धरायचा, मान तिरपी करायची. मग डावीकडे. मग पुढे, रेडिएटरपाशी. शेवटी गोणपाट अंथरून स्वतःच गाडीखाली शिरायचे, आणि बाहेर उरायचे फक्त त्यांचे पाय. हे पाच वर्षं चाललं. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, आबांची ही कसली तरी पूजा असावी.

शंख हे नाव गल्लीने ठेवलेलं. कागदाचा तो नुसता नमुना; खरी वस्तू शंखाच्या आकाराची, लोखंडाची होती आणि तिला टर्बोचार्जर म्हणत. एका धरणाच्या कामावरच्या यंत्रांचं भंगार विकायला निघालं होतं, त्यात ती आबांना मिळाली. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत होतो, तरी मी तिचं नावदेखील ऐकलेलं नव्हतं. आबांनीच मला ओट्यावर बसवून समजावलं. इंजिनाचा धूर वाया जातो. त्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. इंजिन तेवढंच, ताकद मात्र वाढते.

"फुकटनी हवा शे, मास्तर," आबा अहिराणीत म्हणाले. "फक्त जागा नक्की व्हवाले पाहिजे."

मोटारही साधी नव्हती. दोनच माणसांची, लाल, कापडी टपाची आणि इतकी बुटकी की आत बसणारा माणूस सायकलवाल्याच्या गुडघ्याशी बोले. एक पारशी इंजिनियर बदलून जाताना ती आबांना देऊन गेला, कारण ती चालत नव्हती. आबा तांत्रिक शाळेत फिटिंग शिकवत. त्यांनी सहा महिन्यांत ती चालती केली.

'वस्तू चुकत नही, जागा चुकस,' हे आबांचं ठरलेलं वाक्य. घरात खिळा ठोकायचा तर आधी पंधरा दिवस तिथे खडूचा ठिपका असे. नव्या वर्षाचं कॅलेंडर मार्चमध्ये भिंतीवर चढे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचा फोटो अजून कपाटावर टेकवून ठेवलेला होता. भिंतीवरची जागा ठरायची होती.

शंखाच्या बाबतीत त्यांनी सल्ला विचारला नाही असा माणूस धुळ्यात नसेल. जोशीबुवांना विचारलं, तर ते म्हणाले, अग्नीची वस्तू आग्नेयेला असावी. आबांनी दोन दिवस विचार केला आणि परत जाऊन विचारलं, "गाडी साक्रीकडे वळली की आग्नेय कुठे जाते?" जोशीबुवांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "मग गाडी वळवू नका." कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांना वाटलं ऐकू कमी येतं. आबांनी विचारलं, "देवाने माणसाच्या कानातला शंख बाहेर न बसवता एवढा आत का बसवला?" डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या रोग्यांकडे बघितलं आणि फी घेतली नाही.

माझ्याशी मात्र ते खोलात जाऊन बोलत. इंजिनाला चिकटून बसवला तर धूर गरमागरम मिळतो, चक्र जोरात फिरतं, पण शेजारीच पेट्रोल. मागे, डिकीखाली नेला तर गारवा मिळेल, पण हवा पोचायला उशीर होणार. शिवाय शंखाला तेल लागतं, आणि ते तेल आपोआप उतरून परत इंजिनात यायला हवं. खाली बसवला तर ते चढणार कसं? प्रत्येक जागेला एक गुण होता आणि दोन दोष. मी म्हणायचो, "आबा, यातली एक निवडा." आबा म्हणायचे, "थांबा मास्तर, इचार चालू शे."

मोटार चालवायची शकू. ही आबांची एकुलती एक मुलगी. दहावीत असताना तिने पांझरा नदीकाठच्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग धरलं, आणि कॉलेजात गेली तोवर धुळे-साक्री रस्त्यावरचे ट्रकवाले तिला ओळखू लागले होते. नटबोल्ट आवळणं, पाइप वाकवणं, वेल्डिंगचा सांधा बघून तो कुणाच्या हातचा ते सांगणं, हे सगळं तिला आबांनीच शिकवलं. बापलेकीची चेष्टाही चालायची. "इंजिनापाशीच बसवा, आबा. गाडी चालवता चालवता भरताचं वांगं भाजून निघेल," ती म्हणायची, आणि आबा खरंच तापमानाचा हिशेब करायला बसायचे.

मुंबईकडे एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती होत. त्यात बायकांची वेगळी शर्यत असे. शंख आला त्या वर्षी आबा आणि शकू ती नुसती बघायला गेले. परत आल्यावर शकूने मला सगळी हकिगत सांगितली. एक गाडी वळणावर उलटली, चालवणारा आतून बाहेर आला, कपड्यांवरची धूळ झटकली आणि लोकांना हात केला. "काका, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "आबा सोडून. ते कसारा घाटापर्यंत एक शब्द बोलले नाहीत."

तिने ठरवून टाकलं होतं. पुढल्या वर्षी शंख बसवून आपण उतरायचं. आबाही हो म्हणाले.

पुढल्या वर्षी जागा ठरली नव्हती. त्याच्या पुढल्या वर्षी डावीकडची ठरली आणि ऐन वेळी रद्द झाली. तिसऱ्या वर्षी शकू माझ्याकडे आली. उभ्या उभ्याच बोलली. "काका, तुम्ही आबांना सांगा ना. ते तुमचं ऐकतात. शंखाशिवाय जायलासुद्धा मी तयार आहे, पण ते म्हणतात अर्धवट गाडी घेऊन जाऊ नये."

मी सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो, तर, "अगं, घाई कशाला? शास्त्राचं काम आहे." आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःचा राग येतो. शकू हसली, बरं म्हणाली आणि गेली.

चौथ्या वर्षी तिने फॉर्म स्वतः भरून आणला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी सही केली. लगेच शंख मागे, डिकीखाली बसवायचा असं जाहीर केलं आणि गाडी सगळी सोडवली. पंधरा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की तेल परत चढत नाही. अंगणात चाकं एकीकडे, सीट एकीकडे, आणि मध्ये आबा. शर्यतीचा रविवार आला तेव्हा गाडी चार पाटांवर उभी होती. त्या दिवशी शकूने घरातले सगळे पितळी डबे घासले. त्यानंतर तिने शर्यतीचं नाव काढलं नाही. वर्षभरात सुरतेचं स्थळ आलं, मुलगा गिरणीत इंजिनियर होता, आणि ती हो म्हणाली.

लग्न होऊन आठच दिवस झाले असतील. रविवारी सकाळपासून आबांच्या अंगणात हातोडीचा आवाज येत होता. दुपारी चहाच्या वेळेला मी गेलो. शंख बसला होता. कागदाचा नव्हे, लोखंडाचा. इंजिनाच्या उजवीकडे, थोडा वरच्या अंगाला, जणू गाडीबरोबरच जन्मला असावा असा. पेट्रोलच्या बाजूला पत्र्याचा आडोसा होता आणि तेलाची नळी उतरती. एका दिवसात हे झालं कसं, म्हणून मी वाकून बघितलं. शंख ज्यावर बसला होता ते लोखंडी ब्रॅकेट नवं नव्हतं. त्यावर जुना गंज होता. नळी धूळ बसून काळी झालेली होती.

मी आबांकडे बघितलं. ते हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत होते.

"जागा माले पहिलाच आठवडामा सापडनी व्हती, मास्तर," ते म्हणाले. "बठ्ठं तयार करी ठेयेल व्हतं. पेटीमा."

सगळं तयार करून पाच वर्षं पेटीत ठेवलं होतं! मी विचारलं, "शकूला ठाऊक आहे?"

"नही."

दिवाळीला शकू आली. आबांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, बघ कशी चालते. ती साक्री रस्त्याने गेली. आबा फाटकाशी उभे, मी त्यांच्या शेजारी. वीस मिनिटांनी ती परत आली, तोंड लाल, केस विस्कटलेले, अगदी कॉलेजातल्यासारखी.

"सुरुवातीला थोडा उशीर लावते, आबा. मग एकदम धरते."

आबांना इतकं खूश मी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. शकूने बॉनेट उघडलं. बराच वेळ ती आत बघत राहिली. मग एका बोटाने ब्रॅकेटवरचा गंज खरवडला, बोट बघितलं आणि विचारलं, "हे कधी केलंत?"

मला वाटलं, आबा काहीतरी सांगतील, लोखंड जुनं होतं वगैरे. पण आपण शिकवलेल्या माणसाशी त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"शंख आणला त्याच महिन्यात," ते म्हणाले. "ती गाडी उलटली ना, त्याच्यानंतर पेटीत टाकलं."

शकूने बॉनेट हलकेच लावलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"मी हरून परत आले असते, आबा," ती म्हणाली. "एवढंच झालं असतं."

आणि ती हात धुवायला आत गेली.

भाऊबीज झाल्यावर ती निघाली. मी सामान घेऊन स्टँडवर सोबत गेलो. सुरतेची गाडी लागलेली होती. आबांनी शकूची ट्रंक वर चढवली, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि स्वतः शेजारी बसले. घंटी वाजली तरी उतरले नाहीत. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पोचवायला आलेल्यांनी उतरा." आबांनी शकूकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिने सरकून जरा जास्त जागा केली. तेव्हा आबांनी पाकीट काढलं आणि म्हणाले, "एक साक्री द्या."

संध्याकाळी ते परतले तेव्हा मी ओट्यावरच होतो. काही बोलणं झालं का, म्हणून मी विचारलं.

"नही," आबा म्हणाले. "कुसुंब्याच्या पुढे तिला झोप लागली. खांद्यावर डोकं होतं. साक्री आली तरी उठवलं नाही." ते ओट्यावर टेकले. "मग कंडक्टरकडून पुढे पार नवापूरपर्यंत तिकीट वाढवून घेतलं."