खांदा देण्याची विशेष सभा

"नाही म्हणून सांग," डेल्मर त्वेत हळूच म्हणाला. टोस्ट त्याच्या हातातच राहिला होता.

"पास्टरबाईंना? मेलेल्या माणसाला खांदा देणार नाही म्हणून?" त्याच्या बायकोने, जॉयसने, फोनवर हात धरला. "तूच सांग बाबा. मला अजून या गावात राहायचंय."

डेल्मरने फोन घेतला, दोनदा खाकरला, आणि शेवटी "बरं, येतो" असं म्हणून ठेवून दिला. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. जमलं असतं, तर तो स्कोग्बीच्या शाळा मंडळाचा अध्यक्षही झाला नसता.

वारला होता ऑर्व्हल स्लेट्टन. शाळेची बस चालवायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, एकटा, मागे कोणी नाही. तीनदा निवृत्त झाला होता. पण दुसरा ड्रायव्हर मिळेना म्हणून तिन्ही वेळा परत आला. शवपेटी उचलायला सहा माणसं हवी होती. त्याच्या वयाच्या मित्रांपैकी निम्मे गेलेले आणि उरलेले हिवाळ्यापुरते उबदार ॲरिझोनात. म्हणून चर्चच्या पास्टरबाईंनी शाळा मंडळाचे पाच सदस्य आणि सहावे शाळांचे अधीक्षक अशी जुळवाजुळव केली होती. "शाळेचा माणूस, शाळेनेच न्यावा," त्या म्हणाल्या.

बोलायला ठीक होतं. पण पाचांपैकी तीन सदस्य एकत्र आले की कायद्याने ती सभा होते, आणि सभा म्हटली की आधी जाहीर नोटीस लागते. मागच्या वर्षी तिघं सदस्य सहज कॅफेत बसले असताना त्यांतला व्हर्लिन म्हणाला होता, "शाळेचा बॉयलर फारच खोकतोय." मागच्या बाकावर मार्व्हल हॉगनबाई ॲपल पाय खात होत्या. बाईंनी चाळीस वर्षं त्या शाळेत शिकवलं होतं, पाचही सदस्य त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी बशी संपवली आणि घरी जाऊन थेट राज्य सरकारला तक्रार लिहिली. तिघांना लेखी समज मिळाली, पाचही जणांना दिवसभर कायद्याच्या वर्गात बसावं लागलं, आणि साप्ताहिकात नावं छापून आली ती वेगळीच.

तेव्हापासून सगळे एकमेकांना टाळत. दुकानात दोन सदस्य दिसले की तिसरा खतांच्या पोत्यांमागे उभा राही. लव्हॉन हीसुद्धा मंडळाची सदस्य. तिचं केस कापायचं दुकान होतं. एकदा तिथे व्हर्लिन खुर्चीत बसलेला असताना डेल्मर आत शिरला. व्हर्लिन अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेतच टोपी घालून मागच्या दाराने गेला. उरलेलं अर्धं कापायला तो पुढच्या आठवड्यात आला.

त्यात दिवस नाजूक होते. स्कोग्बीची शाळा शेजारच्या लिंडालच्या शाळेत विलीन करायची की नाही, हे मार्चअखेरपर्यंत ठरवून राज्याला कळवायचं होतं. मुलं कमी, म्हणून राज्याचं अनुदान कमी. करवाढीवर दोनदा मतदान घेतलं, दोन्ही वेळा गावाने ती पाडली. अधीक्षक तर लिंडालबरोबर वाटून घेतलेले, इकडे मंगळवार-गुरुवार यायचे, गणितही शिकवायचे. निकालाचं म्हणाल, तर दहावीत मुलं चार. एकाला ताप आला की शाळेचा निकाल पंचवीस टक्क्यांनी घसरायचा.

मंडळात दोघं विलीनीकरणाच्या बाजूने, त्यात व्हर्लिन सर्वांत पुढे. दोघं विरोधात, त्यात लव्हॉन. पाचवा डेल्मर. आपला हात कुठे जाणार, हे त्याने जॉयसलासुद्धा सांगितलं नव्हतं. कोठारातल्या जुन्या खुर्चीत पुस्तक उघडं ठेवून तो तासन्‌तास एकाच पानाकडे बघत बसे. दुसरा मार्ग दिसत नव्हता. हात वर होणार होता तो शाळा बंद करायलाच, आणि आयुष्यभर लोक तेवढंच लक्षात ठेवणार होते.

त्याने मंडळाच्या वकिलाला फोन केला.

"लग्न, मयत याला सूट आहे," वकील म्हणाला. "फक्त शाळेचा विषय काढू नका."

"साहेब, मेलेला माणूस शाळेची बस चालवायचा."

"मग नोटीस लावूनच टाका."

डेल्मरने पोस्टाच्या फळ्यावर नोटीस लावली. शाळा मंडळाची विशेष सभा, शनिवारी, लूथरन चर्चमध्ये. नोटिशीत विषय लिहावेच लागतात, म्हणून त्याने लिहिले: एक, ऑर्व्हल स्लेट्टन यांना निरोप देणे. दोन, दफन. तीन, जेवण.

हॉगनबाई पत्रं घ्यायला आल्या, चष्मा पुसून नोटीस वाचली, आणि पोस्टमास्तरला म्हणाल्या, "विशेष सभा? चर्चमध्ये? मयताच्या आडून काय करतायत हे?"

एवढं पुरलं. दुपारपर्यंत गावात झालं, की मंडळ शवपेटीमागे लपून शाळा बंद करणार. संध्याकाळी गॅस स्टेशनवर एक जण शपथेवर सांगत होता, की लिंडालवाले टेबल-खुर्च्या मोजून गेले.

शनिवारी चर्च भरून ओसंडलं. तळघरातल्या घडीच्या खुर्च्या वर आणल्या, तरी माणसं भिंतींना टेकून उभी. ज्याच्यासाठी पहिला बाकसुद्धा भरला नसता, त्या ऑर्व्हलसाठी सगळं गाव जमलं होतं, कोट न काढता, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीने.

"ईस्टरला पण इतके येत नाहीत हो," पास्टरबाई कुजबुजल्या. "दरवेळी नोटीस लावत जाऊ का?"

पहिलं स्तोत्र झालं. मग डेल्मर पेटीशेजारी उभा राहिला. त्याने सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि हजेरी घेतली. "हजर," लव्हॉन रुमालातून म्हणाली. "हजर," व्हर्लिन पेटीकडे न बघता म्हणाला. नियमाप्रमाणे पुढे नागरिकांची मनोगतं.

"शाळेचं काय ठरवलंत ते सांगा आधी!" मागून कोणीतरी ओरडलं.

"फक्त विषय क्रमांक एकवर बोलता येईल," डेल्मर म्हणाला. "म्हणजे ऑर्व्हलवर."

"मी शाळेसाठी गाडी हाणत आलोय इथवर!"

"मग ऑर्व्हलवर बोल."

तो माणूस रागारागाने पुढे आला. तोंड उघडलं, आणि त्याला काही आठवेना. त्याने टोपी काढली.

"मला बूट सापडायचे नाहीत," तो म्हणाला. "रोज सकाळी. आई ओरडायची. ऑर्व्हल फाटकापाशी बस लावून बसायचा. हॉर्न नाही वाजवायचा. कधीच नाही." एवढं बोलून तो खाली बसला.

मग एक बाई उठली. वादळात बस अडकली तेव्हा ऑर्व्हलने मुलांना कशी गाणी म्हणायला लावली आणि स्वतः किती बेसूर गायला, ते तिने सांगितलं. मग एक म्हातारा बोलला, मग त्याची नात. शेवटी व्हर्लिन उठला तेव्हा हा आता शाळेचं काढणार, असं डेल्मरला वाटलं.

"दुसरीत असताना मी बसमध्ये ओकलो होतो," व्हर्लिन म्हणाला. "ऑर्व्हल पोरांना म्हणाला, काल रात्री कोणीतरी कुत्रं आत सोडलं वाटतं. कोणाला म्हणून सांगितलं नाही त्याने. आज मीच सांगतोय." आणि नाक शिंकरून तो बसला.

डेल्मरलाही सांगायचं होतं. लहानपणी बसमध्ये वाचता वाचता त्याचं घर मागे पडायचं. मग शेवटच्या फाट्यावरून ऑर्व्हल रिकामी बस वळवून त्याला परत आणून सोडायचा. रागवायचा नाही. "गोष्ट चांगली होती का?" एवढंच विचारायचा. पण अध्यक्षाला मनोगत मांडता येतं का, हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्याने विषय क्रमांक दोन पुकारला.

सहा जणांनी पेटी उचलली. दफनभूमीत जमीन दगडासारखी गोठलेली होती, तेव्हा दरवर्षीप्रमाणे पेटी तिथल्या दगडी खोलीत ठेवली. जमीन मऊ झाली की दफन. मग सगळे गारठून चर्चच्या तळघरात पळाले. हॅम सँडविच, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, गोड वड्यांचे तीन ट्रे. माणसं डोळे पुसत खात होती, पाठीवर थोपटत होती, "असं गाव नाही दुसरीकडे" म्हणत होती.

या गावाला एवढी माया आहे, तर आपला हात कशाला तिकडे जायला हवा, असं त्या दिवशी डेल्मरला पहिल्यांदा वाटलं.

सोमवारी विलीनीकरणावर मतदान होतं. अधीक्षकांनी जेवणघरात खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा मांडून ठेवल्या. आल्या फक्त हॉगनबाई, विणकामाची पिशवी घेऊन. बाकी गाव लिंडालला बास्केटबॉलचा सामना बघायला गेलं होतं.

डेल्मरने रिकाम्या रांगांकडे पाहिलं. शनिवारी वाटलेलं सगळं ओसरून गेलं. व्हर्लिनने ठराव मांडला, त्याच्या बाजूच्या सदस्याने अनुमोदन दिलं.

"विलीनीकरणाच्या बाजूने कोण?"

दोन हात वर झाले. तिसरा डेल्मरचा, खांद्यापर्यंत आला.

"अध्यक्ष, एक हरकत," मागून आवाज आला. सुया थांबल्या नव्हत्या. "डेल्मर, शनिवारची सभा कधी संपली रे?"

"शनिवारीच, बाई."

"संपवायचा ठराव कोणी मांडला?"

डेल्मरने लव्हॉनकडे पाहिलं. ती टिपणं काढायची. तिने वही चाळली. "पेटी ठेवली... मग जेवलो... मग सगळे आपापले घरी."

"आणि दफन? विषय क्रमांक दोन?"

"जमीन गोठलीय ना, बाई."

"म्हणजे ती सभा अजून चालूच आहे. एक चालू असताना तुम्ही दुसरी भरवून बसलायत." बाईंनी धागा ओढला. "मला पुन्हा पत्र लिहावं लागेल असं दिसतंय."

"मग आत्ता मांडतो की ठराव!" व्हर्लिन उसळला. "संपली सभा!"

"ती सभा चर्चमध्ये भरलीय, व्हर्लिन. इथे कशी संपेल? आणि विषय पुरा झालाय का? तू तिसरीतसुद्धा असंच करायचास. अर्धा पेपर टाकून पळायचास."

तिथूनच वकिलाला फोन लावला. त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. "असं पूर्वी कधी झालेलं नाही," तो शेवटी म्हणाला. "पण त्याच बाई असतील, तर जमीन मऊ होईपर्यंत काही करू नका."

मार्चअखेर जमीन लोखंडासारखी होती. मुदत गेली. शाळेला एक वर्ष मिळालं, पैसे मात्र मिळाले नाहीत.

त्या सोमवारीच, बाहेर गाडीपाशी डेल्मरने बाईंना गाठलं. "तुमच्या हे शनिवारीच लक्षात आलं होतं?"

"तेव्हा मी जेवत होते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

बाईंनी काचेवरचा बर्फ खरवडला. "पाचवीत तुला उत्तर यायचं, तरी हात वर करायचा नाहीस. आज एवढ्या वर्षांनी केलास, आणि मलाच तो खाली करावा लागला." मग गाडीत बसून त्या म्हणाल्या, "जा घरी. कान लाल झालेत तुझे."

मे महिन्यात जमीन मऊ झाली. व्हर्लिनला पेरणीला जायचं होतं, म्हणून दफन सकाळी लवकर ठेवलं. पाच सदस्य, पास्टरबाई आणि हॉगनबाई, बाकी कोणी नाही. दुसरा ड्रायव्हर मिळाला नव्हता, तेव्हा अधीक्षक बस घेऊन गेलेले. त्यांच्या जागी पास्टरबाईंनी पेटीची कडी धरली. वारा बोचरा होता, चिखल घोट्यापर्यंत. पेटी खाली गेली. प्रार्थना झाली. प्रत्येकाने मूठभर माती टाकली.

"विषय क्रमांक दोन पूर्ण," डेल्मर म्हणाला. "चर्चमध्ये सँडविच आहेत, तेवढं झालं की तीनही पूर्ण. त्यानंतर सभा संपवावी, असा ठराव कोणी मांडणार आहे?"

लव्हॉन दूरच्या पक्ष्यांकडे बघत होती. व्हर्लिनने तोंड उघडलं, खड्ड्यात पाहिलं, आणि बुटाचा चिखल दुसऱ्या बुटाला पुसला.

"गारठा आहे अजून," तो म्हणाला.

"मला मांडता येत नाही," हॉगनबाई म्हणाल्या. "मी सदस्य नाही."

डेल्मर आणखी थोडा थांबला. पुढच्या मार्चमध्ये हाच प्रश्न पुन्हा येणार होता, आणि गाव पुन्हा सामना बघायला जाणार होतं. त्याने टोपी डोक्यावर घातली.

"मग खाऊन घेऊ," तो म्हणाला.

सभा तशीच चालू ठेवून सगळे चिखल तुडवत चर्चकडे निघाले. पलीकडच्या रस्त्यावर एका फाटकापाशी शाळेची बस केव्हाची उभी होती. हॉर्न वाजत नव्हता. बहुतेक कोणाला तरी बूट सापडत नव्हते.