अति टिकाऊ कॅमेऱ्याचं प्रकरण

सरकारी कामासाठी घ्यावयाचा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा खरेदीपूर्वी एकदा आपटून पाहावा, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. कॅमेरा सरासरी उंचीच्या कर्मचाऱ्याच्या छातीपासून पक्क्या काँक्रीटवर सोडावा. सोडताना त्यास ढकलू नये. पडल्यानंतर त्याच कॅमेऱ्याने आपटणाऱ्याचा फोटो काढावा, आणि फोटोतील व्यक्ती तिच्या जवळच्या नातेवाइकास ओळखता आल्यास कॅमेरा उत्तीर्ण समजावा. खाली एक पोटनियमही आहे. चाचणीच्या वेळी पृष्ठभाग अबाधित राहिला पाहिजे, नाहीतर चाचणी रद्द. हा पोटनियम कोणी घातला आणि का घातला, हे टिकाऊपणा मंडळात कोणालाच आठवत नव्हतं, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती.

मंडळात हे काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे आपटराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. उभ्या नोकरीत त्यांनी न आपटता एकाही वस्तूवर सही केली नव्हती. खुर्च्या, टेलिफोन, शिक्के, पंखे, सगळं त्यांच्या हातून खाली गेलं होतं. पण त्यांचा जीव होता तो कॅमेऱ्यांवर. कॅमेरा नुसता हातात घेतला की त्यांना पुढचं दिसे. भिंग नळीसारखं बाहेर येणारं असेल, तर ते अर्ध्यावर अडकणार आणि कॅमेरा जीभ काढून पडून राहणार. बॅटरीचं झाकण नुसत्या खाचेवर बसवलं असेल, तर कॅमेरा एकीकडे, बॅटरी कपाटाखाली. मागचा पडदा काळा पडला, तर उरलेलं आयुष्य अंदाजाने फोटो काढायचे.

जवळची नातेवाईक म्हणून दप्तरी त्यांच्या बायकोची नोंद होती. चाचणी झाली की आपटराव संध्याकाळी घरी एक फोटो नेत. तो तिरका असे, धूसर असे, कधी त्यात नुसती हनुवटी असे. बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता मान वळवून बघे आणि म्हणे, "हो, आमचेच." मग ती सही करी. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती आणि एकदाही खोटं बोलली नव्हती. एकदा फोटोत शिपायाचा कान आला होता, तर तिने कानावरून "हे आमचे नव्हेत" असं सांगून एक अख्खी खरेदी थांबवली होती.

हे घर नुकतंच स्वतःचं झालं होतं. जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलल्यावर आपटरावांनी निवृत्तीसाठी साठवलेलं सगळं घालून नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. इमारत त्यांच्या साडूंनी बांधलेली होती. साडू मोठे ठेकेदार. शहरातल्या निम्म्याअधिक सरकारी इमारतींवर त्यांचा हात फिरलेला होता. घरचाच माणूस म्हटल्यावर तपासायचं काय? आपटरावांनी डोळे मिटून सही केली, बायकोने बैठकीच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि दोघं राहायला आली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मंडळाकडे तो कॅमेरा आला.

दिसायला काही विशेष नव्हता. मुठीत मावेल एवढा, करड्या रंगाचा. पण आपटरावांनी तो उचलला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. अंग धातूचं होतं, कोपऱ्यांना रबर होतं, भिंग बाहेर येतच नव्हतं, आतल्या आत जागा बदलत होतं. बॅटरीच्या झाकणाला दोन कड्या होत्या आणि दोन्ही लागत होत्या. असा प्रामाणिकपणे बांधलेला कॅमेरा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना भरून आलं. त्यांनी तो छातीपाशी धरला आणि सोडला.

टण्ण असा आवाज झाला. कॅमेरा तसाच. फरशीला मात्र चांगला वाटीएवढा खड्डा पडला. आपटरावांनी खड्ड्यात बोट घातलं तर खालचं काँक्रीट म्हणून जे काही होतं, ते भुरभुर बोटाला लागलं.

ते संचालकांकडे गेले.

"कॅमेरा कसा आहे?" संचालकांनी विचारलं.

"ठणठणीत आहे साहेब. फरशी गेली."

"मग चाचणीचं काय?"

"पोटनियमाप्रमाणे रद्द. पृष्ठभाग अबाधित राहिला नाही."

"मग दुसरीकडे आपटा की. शहरात काँक्रीटला काय तोटा आहे?"

आपटराव दुसरीकडे गेले. मंडळाच्या जिन्यावर आपटला, तर पायरीचा कोपरा घेऊन कॅमेरा खाली आला. वाचनालयाच्या ओसरीवर आपटला, तर ओसरी दुभंगली आणि आतून सिमेंटची रिकामी पोती निघाली. कालव्यावरच्या नव्या पादचारी पुलावर आपटला, तेव्हा कॅमेऱ्याने सरळ पुलाला भोक पाडलं आणि तो पाण्यात गेला. गळ टाकून बाहेर काढला, तर चालू होता. यामुळे जलरोधक चाचणी वेगळी घ्यावी लागली नाही. पुढे आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात छताचं प्लास्टर अंगावर आलं तेव्हा धूळ चाचणीही उरकली. आपटरावांनी दोन्ही रकान्यांत 'उत्तम' लिहिलं. मुख्य रकाना कोराच राहिला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आपटराव फाटकात दिसले की कचेऱ्या मधल्या सुट्टीवर जाऊ लागल्या. पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्यांचे खिसे चाचपू लागले आणि दारोदार पाट्या लागल्या : 'इमारतीच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरा बाहेर ठेवावा.' बाहेर म्हणजे कुठे, तर रस्त्यावर. तो साडूंनीच बांधलेला होता.

शेवटी ठेकेदारांचं शिष्टमंडळ संचालकांना भेटलं. पुढे साडू होते.

"साहेब, आमची तक्रार कॅमेऱ्याबद्दल आहे," साडू म्हणाले. "हा कॅमेरा समाजविघातक आहे. आज फरश्या फोडतोय, उद्या लोकांचा विश्वास फोडेल."

"पण फरश्या तुमच्या..." आपटराव बोलू लागले.

"फरश्या माणसांसाठी केल्यात साडूभाऊ! माणसं त्यांच्यावर चालतात, बसतात. कोणी त्यांना कॅमेरे फेकून मारायला सांगितलंय?"

संचालकांना हे पटलं. लगेच समिती नेमली गेली आणि तिने कॅमेऱ्यात 'अतिरिक्त टिकाऊपणा' हा दोष असल्याचा निष्कर्ष काढला. परंतु अडचण अशी होती की मजबूत असल्याबद्दल नापास करण्याची तरतूद नियमावलीत नव्हती. नापास करायला चाचणी हवी, चाचणीला न फुटणारी जमीन हवी.

"एखादी तरी इमारत असेल हो," संचालक वैतागून म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "आपटराव, तुमची! तुम्ही एवढे चोखंदळ. स्वतःचं घर नीट बघूनच घेतलं असणार. तिथेच आपटा, आणि सोमवारी अहवाल द्या."

साडूंना जोराचा ठसका लागला. आयुष्यात एकच वस्तू आपटरावांनी न आपटता घेतली होती, आणि ते तिच्यात राहत होते.

रविवारी दुपारी ते बैठकीत कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. साडू आधीच आले होते, तेही खुर्चीच्या कडेवर, अंग सावरून.

"ऐका माझं," साडू हळू आवाजात म्हणाले. "खाली गादी घाला. तिच्यावर टाका. फरशी शाबूत, काम फत्ते."

"मग कॅमेरा पास होईल," आपटराव म्हणाले. "पास झाला की एकेका निरीक्षकाच्या खिशात एकेक जाईल. आणि खिशातली वस्तू कधीतरी पडतेच."

साडूंनी डोळ्यांसमोर शहर आणलं आणि घाम पुसला. "मग करा नापास!"

"कशाच्या जोरावर? भिंग शाबूत, झाकण शाबूत, फोटो आरशासारखा. काढू कुठून दोष?"

बायको आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. "आपटा ना इथंच," ती म्हणाली. "एकदाचं कळू दे तरी."

"काय कळायचंय?"

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे छतापासून जमिनीपर्यंत भेग होती. "आलो त्याच आठवड्यात टांगलं हे. खिळा ठोकावासुद्धा लागला नाही, आपणहून आत बसला."

साडू म्हणाले, "ताई, ती भेग नव्हे. नवी इमारत आहे, जरा आळोखेपिळोखे देते."

"भावजी, तुम्ही थांबा जरा." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, जन्मभर लोकांच्या वस्तू आपटल्यात तुम्ही. आपली एक आपटायला काय होतंय?"

"खाली मास्तर राहतात. त्यांची नातवंडं आहेत."

"म्हणूनच म्हणतेय. त्यांना कळायला नको?"

आपटराव उठले. कॅमेरा छातीपाशी धरला. पण ज्या बोटांनी उभ्या नोकरीत कशाचीही गय केली नव्हती, ती बोटं आता उघडेनात. त्यांना सगळं आयुष्यभराचं भाडं आठवलं, प्रत्येक घरमालकाचा चेहरा आठवला. हे घर नापास झालं तर जायचं कुठे? त्यांना भीती वाटली, साधी, सरळ भीती. ते वाकले आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा दोन्ही हातांनी त्यांनी कॅमेरा फरशीवर ठेवला.

टक्.

कॅमेऱ्याखालून एक बारीक रेघ निघाली आणि वाट माहीत असल्यासारखी उंबऱ्यापर्यंत गेली. खालून मास्तरांचा आवाज आला, "दार उघडंच आहे, या!"

"हे आपटणं नव्हे, हे ठेवणं झालं," साडू घाईघाईने म्हणाले. "हे धरायचं नाही."

आपटराव रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी ओढून रेघेवर अंथरली, कागद घेतला आणि लिहिलं, 'चाचणी झाली. पृष्ठभाग अबाधित.' खाली सही केली. सवयीने कॅमेरा उचलून स्वतःचा फोटो काढला आणि मागचा पडदा बायकोपुढे धरला. फोटो अतिशय स्वच्छ आला होता. डोळ्यांखालची सूजसुद्धा दिसत होती.

बायकोने या खेपेला नीट बसून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मी ओळखत नाही यांना."

"अगं, चेष्टा नको. सरकारी काम आहे."

"चेष्टा कसली? आमचे हे न आपटता सही करत नाहीत. हे कोणीतरी दुसरेच आहेत." आणि तिने ठरलेल्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर इसम माझ्या परिचयाचा नाही.' मग ती कॅलेंडर घेऊन आत निघून गेली. आपटरावांना एवढी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साडू मात्र खुर्चीतून उडी मारणार होते. फरशी आठवून त्यांनी ती आवरली. "सुटलो!" ते कुजबुजले. "साडूभाऊ, नातेवाइकाने ओळखलं नाही! म्हणजे काय?"

म्हणजे कॅमेरा नापास. सोमवारी संचालकांनी स्वहस्ते शेरा मारला : 'पडल्यानंतर मनुष्य ओळखू येत नाही. बांधणी सदोष.' अहवाल अचूक असल्याबद्दल आपटरावांना बढती मिळाली.

त्यानंतर मंडळाने दुसरा कॅमेरा मागवला. हलका, प्लॅस्टिकचा, भिंग बाहेर येणारा, झाकण खाचेवरचं. तो दुरुस्त केलेल्या फरशीवर आपटला आणि त्याच्या चिंधड्या झाल्या. फरशीवर ओरखडाही उठला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता संचालकांच्या लक्षात आलं, की कॅमेरा फुटला आणि फरशी टिकली याचा अर्थ फरशी भक्कम आहे. एवढं स्वस्त आणि खात्रीचं उपकरण हातात असताना इमारती तपासायला दुसरं काही हवंच कशाला? नियम सुधारण्यात आला. आता आपटराव एकेका इमारतीत जातात, कॅमेरा आपटतात, तुकडे गोळा करतात आणि इमारतीला प्रमाणपत्र देतात. फोटोची अट निघाली आहे, कारण फोटो काढायला कॅमेरा उरत नाही. बायकोची सही लागत नाही. शहरातली एकही इमारत अजून नापास झालेली नाही. मास्तरांनी तर आपटरावांना चहाला बोलावून आभार मानले.

तो करडा कॅमेरा आपटरावांच्या घरीच आहे. मोडल्याशिवाय तो निकाली काढता येत नाही आणि मोडायला तो तयार नाही. बायको रोज सकाळी सतरंजी बाजूला करून त्याने रेघेचा फोटो काढते. कालच्यापेक्षा आज ती थोडी रुंद असते. फोटोकडे बघून ती म्हणते, "हो, आमचीच." आपटराव पेपरातून डोकं वर काढत नाहीत.

तुमच्या इमारतीतही खाली, जिन्याशेजारी, मंडळाचं ते प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असेल. जाता येता तुम्हाला ते पाहून बरंही वाटत असेल. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर कशासाठी टांगलंय, ते आम्ही विचारत नाही. फक्त एवढी विनंती आहे की, वाचून झाल्यावर हे पुस्तक जरा हळूच खाली ठेवा.