सोंडेपुरत्या पिशव्या

टाकाऊतून टिकाऊ वस्तूंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन पाच वाजता, आणि सकाळी अकरा वाजता काकूंच्या हत्तीला सोंडच नव्हती.

हत्ती दुधाच्या निळ्या पिशव्यांचा. पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, त्यांना पीळ देऊन दोरा करायचा आणि क्रोशाच्या सुईनं हत्तीची कातडी विणायची. पाय, पोट, सुपाएवढे कान झाले. दोरा मात्र डोळ्यांपाशी येऊन संपला.

"डुक्कर दिसतंय गं," काका लांबून न्याहाळत म्हणाले.

"दिसू दे! चाळीस पिशव्या तर हव्यात. बिल्डिंगमधून आणते गोळा करून."

पहिल्याच दारात शेजारीण किटली नाचवत म्हणाली, "पिशवी? छे, छे! काकू, तुम्हीच ना समजावलंत? आता सुटं दूध आणतो आम्ही." वरच्या मजल्यावर डबा निघाला, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे बरणी. दूधवाल्यानं तर हातच जोडले. "तुमचं ऐकून पिशव्या ठेवणंच बंद केलं मी."

दोन महिने काकूंनी जिन्यात उभं राहून कीर्तनकाराच्या तळमळीनं प्लास्टिकविरुद्ध उपदेश केला होता. लोक खरंच ऐकतील, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

"मोठ्या बाजारातून आणू का चाळीस?" काकांनी विचारलं. "दूध पिऊन टाकू की."

"वीस लिटर? आणि कचऱ्यासाठी नव्या पिशव्या विकत घ्यायच्या? त्यापेक्षा डुक्कर परवडलं!"

पाच वाजता पाहुण्या बाईंनी हत्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "सोंड कुठाय?"

काकूंनी पदर खोचला. मग त्यांनी खरं तेच सांगून टाकलं. "सोंडेच्या पिशव्या आमच्या लोकांनी वापरायच्याच सोडल्या हो."

अशा टाळ्या पडल्या की हत्तीचे कान हलले! पहिलं बक्षीस काकूंना. मागे उभ्या असलेल्या बिल्डिंगच्या मंडळींचे मात्र हत्तीकडे बघून डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अख्खी बिल्डिंग. शेजारणीच्या ओठांवर दुधाची मिशी, हातात धुतलेल्या निळ्या पिशव्यांचा गठ्ठा.

"बिचाऱ्याला सोंड नाही, घास उतरेना हो घशाखाली! पहाटेच गेलो मोठ्या बाजारात. मोजून चाळीस! मास्तर तर एकटे पाच प्यायले."

काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली.

मागून काका कानाशी कुजबुजले, "शेपटी राहिलीये, ते बोलू नकोस हं. मास्तर आत्ताच कसेबसे जिन्यात बसलेत."