एकशे दहा व्होल्ट

आमचे शेजारी नामदेवराव अनोळखी बल्ब हातात आला की आधी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडतात. डॉक्टरांनी घसा दाखवायला सांगितल्यासारखा मोठा ‘हाऽऽ’ करतात. काच धुरकट झाली की कधीची पुसली गेलेली अक्षरं क्षणभर वर येतात, किती वॅट, किती व्होल्ट. “बल्ब सोताच नाव सांगते, आपल्याले विचारता आलं पायजे,” असं त्यांचं म्हणणं.

बल्ब म्हणजे घरातले चिल्लर नव्हेत. नारळाएवढे, दुधी भोपळ्याएवढे. कापसाच्या जिनिंगच्या आवारातले, रेल्वे यार्डातले. अमरावतीत कुणाच्या माळ्यावर असं धूड सापडलं की ते नामदेवरावांकडे येतं. अकोल्याचा एक भंगारवाला तर त्यांच्यासाठी पोतं बाजूला काढून ठेवतो.

मी कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. घरातली ट्यूब बदलायला मात्र बायको वायरमनला बोलावते. तरी रिटायर झाल्यावर मी नामदेवरावांचा शिष्य झालो आणि महिन्याभरात त्यांनाच शिकवू लागलो. ते म्हणत, “तुमी बोला सर, मी तवर हे पुसून घेतो.”

नामदेवराव सरकारी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर होते. गावोगाव पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. मोर्शीकडच्या एका गावात एक मुलगी पडद्याकडे पाठ करून प्रोजेक्टरच्या मशीनच्या फटींतून येणारा उजेडच बघत बसली. तीच पुढे त्यांची बायको झाली. कुटुंबनियोजनाच्या सिनेमात लग्न जमलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्या मशीनचा बल्ब त्यांनी जपून ठेवला होता. असल्या बल्बचं आयुष्य मोजक्या तासांचं, म्हणून दर वर्षी लग्नाच्या तारखेला दोघं तो मिनिटभरच लावत. सुमनताई जाऊन तीन वर्षं झाली. आता ते एकटेच लावायचे. “मी हाओ तवर हा पुरला पायजे,” असं मला एकदा म्हणाले होते.

परवा दुपारी अकोल्याचं पोतं आलं. टेबलभर बल्ब मांडून नामदेवराव चहा ठेवायला आत गेले. मी एक लांबट बल्ब उचलला. वाफ सोडायची मला लाज वाटली, शास्त्राच्या माणसानं नजरेनंच ओळखायला हवं. दोनशे तीस व्होल्ट, असा निकाल देऊन तो मी होल्डरमध्ये बसवला आणि वायर व्होल्ट कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला न लावता सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. नामदेवराव बाहेर येतील तेव्हा बल्ब पेटलेला दिसावा, अशी माझी हौस. बटण दाबलं. खोली पांढरीफटक झाली, टप्प असा आवाज आला आणि बल्ब गेला.

मग मी वाफ सोडली. एकशे दहा व्होल्ट. टेबलाच्या कडेला सुमनताईंच्या पातळाचा तुकडा पडला होता, प्रोजेक्टरचा बल्ब त्यातच गुंडाळलेला असे. लग्नाची तारीख दोन दिवसांवर आली होती, म्हणून नामदेवरावांनी तो बल्ब पुसायला काढला होता.

नामदेवराव दोन कप घेऊन आले. एरवी मी तासभर बोलतो, आता दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप ठेवले, बल्ब हातात घेतला आणि काळवंडलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. आता हे मला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं. काढायलाच हवं होतं.

“तुमी पायला ना पेटताना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“तिच्यामागं कोनीच नाई पायला. मी एकटाच पायतो, अन् बोलाले कोनी नसते.” ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “मी अंदर होतो. सांगा, कसा पेटला?”

मी सांगितलं. फार पांढरा, इतका की कोपऱ्यातली सुमनताईंची शिलाई मशीन सुईसकट दिसली. नामदेवरावांनी डोळे मिटून घेतले.

“अजून एकडाव सांगा, सर,” ते म्हणाले. “हळूहळू सांगा.”